पिवळा चारचं कुलूप

महोत्सवाने आमचं भलं केलं की वाटोळं, हे मला अजून कळलेलं नाही. ज्याला कळलं असेल त्याने माझ्या दुकानात येऊन समजावून सांगावं. त्याला एक डुप्लिकेट चावी फुकट करून देईन, वर चहा पाजीन. चहा मात्र गावकऱ्यांच्या दराचा. आमच्या समोरचा चहावाला आता दोन दर ठेवतो, आणि गर्दीत कधीकधी मलाही पाहुण्यांच्या दराने चहा देतो. "अरे, मी आहे!" म्हटलं की म्हणतो, "हो की. आज दाढी केलेली दिसली म्हणून फसलो."

माझा धंदा कुलूप-चाव्यांचा. बाजाराच्या तोंडाशी टपरीएवढं दुकान, त्यात चावी घासायचं एक मशीन, चावी घट्ट धरायचा एक व्हाइस, पाच-सहा कानशी आणि भिंतीवर कोऱ्या चाव्यांच्या माळा. पूर्वी आमच्या गावात कुलूपवाल्याला काम मिळायचं ते दोनच कारणांनी. एक तर कुणाची चावी हरवायची, नाहीतर भावाभावांत भांडण व्हायचं. आणि आमच्या गावात भाऊ फारसे भांडत नाहीत, भांडण्यासारखं कुणाकडे काही नसतंच.

मग चौदा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गोदामात तीन दिवस तीन नाटकं झाली. दुसऱ्या वर्षी पाच झाली. आता नऊ दिवस चालतो महोत्सव, चाळीसेक नाटकं होतात, आणि गाव दुप्पट होतं. नाटकवाल्या माणसांइतकी चाव्या हरवणारी जात मी आयुष्यात पाहिली नाही. एकदा तर अंगभर चिलखत घातलेला राजा धापा टाकत दुकानात आला, म्हणाला, "लवकर करा, पंधरा मिनिटांत माझा वध आहे." माझी वर्षाची निम्मी कमाई त्या नऊ दिवसांत होते. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे म्हणाल, खाल्ल्या घरचे वासे मोजतो.

एवढी माणसं उतरणार कुठे? गावात धड लॉज नाही. तेव्हा ठरलं की नऊ दिवस ज्याने त्याने आपलं घर पाहुण्यांना द्यायचं आणि आपण नातेवाइकांकडे राहायचं. पहिल्या वर्षी आम्ही बोचकी घेऊन मेहुणीकडे गेलो, तर तिच्या दाराला कुलूप. ती तिच्या जावेकडे गेली होती, कारण तिनेही घर दिलं होतं. आणि जाऊ आमच्याकडे यायला निघाली होती! तिघी चौकात समोरासमोर आल्या तेव्हा कुणी कुणाला या म्हणायचं हेच कुणाला कळेना. तेव्हापासून सगळं गाव सुट्टी पडलेल्या शाळेत राहतं. आम्हाला दरवर्षी सहावी ब मिळते. चार कुटुंबं, मध्ये गेल्या वर्षीच्या नाटकांच्या फ्लेक्सचे पडदे. माझ्या डोक्याशी एका नटीचा अर्धा चेहरा असतो.

आमचं घर भाड्याचं. दोन खोल्या पुढे, स्वयंपाकघर आणि अडगळीची खोली मागे. बावीस वर्षं आम्ही तिथे राहतो. मालकांच्या तीन आळ्यांत अशी तीस घरं आहेत, सगळी त्यांच्या वडिलांनी एकाच कंत्राटदाराकडून बांधून घेतलेली. दारं सारखी, खिडक्या सारख्या, कुलपंसुद्धा एकाच खोक्यातली. महोत्सवात पाहुण्यांकडून येणारे पैसे मालक आणि आम्ही निम्मे निम्मे घ्यायचो. कधी तक्रार नव्हती.

यंदा मात्र महोत्सवाच्या आदल्या दिवशी मालक दुकानात आले आणि म्हणाले, "चावीवाले, हे एकदा आटोपलं की जरा बोलायचंय."

"आत्ताच बोला की, मालक."

"आत्ता कशाला? संपू दे. गडबडीत नको."

त्या 'जरा'ने माझी झोप उडवली. मालक माणूस वाईट नाही, पण वाईट नसलेली माणसं वाईट बातमी फार सावकाश सांगतात. आजूबाजूला काय चाललंय ते दिसत होतंच. कापडवाल्याचं दुकान गेलं, तिथे आता कॉफी मिळते. किराणावाला सुटी डाळ ठेवत नाही, छोट्या पिशव्या ठेवतो आणि त्यावर सुतळीची गाठ मारतो, गाठीचे पैसे वेगळे. गावाच्या टोकाला, जिथे पूर्वी कुणी फिरकत नव्हतं, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांची भाडीसुद्धा चढली. भाड्याचं घर आणि खाली कर, म्हणतात ते उगीच नाही. घर गेलं तर दुकानही जाणार, कारण लांबून रोज यायचं तर निम्मी कमाई बसच्या तिकिटात.

मी हे बायकोजवळ बोललो. ती शाळेच्या नळावर नटांचे कपडे धूत होती. महोत्सवात तिचा हा मोठा धंदा असतो, कपडे धुणं, इस्त्री करणं, उसवलेलं शिवणं. वर्षभर जिला कुणी विचारत नाही तिला त्या नऊ दिवसांत दिग्दर्शक स्वतः हाका मारतात. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आधीच रडायला बसू नका. मालकांना भाडं वाढवायचं असेल. देऊ थोडं जास्त. या वर्षी मला कामं किती मिळाली बघा, महोत्सव सुरू व्हायच्या आधीच मालकांनी पडद्यांची ऑर्डर दिली. सहा घरांचे पडदे. पिवळे."

"सहा घरांचे कशाला?"

"नवीन पाहुणेघरं करतायत म्हणे. बारमाही. नाटक शिकायला वर्षभर पोरं येणार आहेत."

"कुठली सहा घरं?"

"मला काय माहीत? मापं दिली, मी शिवले. सगळ्या खिडक्या तर एकाच मापाच्या."

संध्याकाळी लेक आली तेव्हा तिलाही विचारलं. आमची लेक दोन वर्षांपासून महोत्सवाच्या ऑफिसात आहे. घराण्यात महिन्याचा पगार आणणारी ती पहिली. तिच्या गळ्यात ओळखपत्र असतं आणि ते ती जेवतानाही काढत नाही.

"बाबा, माझ्याकडे नुसते नंबर येतात," ती म्हणाली. "घरांना आम्ही रंग दिलेत. बारमाही घरं पिवळी. पिवळा एक ते पिवळा सहा. मालकांच्या नावापुढे मी टाइप केलंय. घर नंबर मालकांनी नंतर भरायचे आहेत."

"आपलं घर कुठल्या रंगात आहे?"

"निळ्यात. निळा सतरा. नेहमीचं, नऊ दिवसांचं." ती हसली. "काळजी करू नका हो. काही असतं तर मला कळलं नसतं का?"

मला हायसं वाटलं. खरं सांगतो, लाज सोडून सांगतो, मी मनात म्हणालो, बरं झालं, ते दुसरे कोणी सहा असतील. बिचारे.

महोत्सव पार पडला. यंदा मलाही एका नाटकाचा फुकट पास मिळाला होता. तासभर एक माणूस रिकामी बादली घेऊन उभा होता. मी शेजारच्याला हळूच विचारलं, "सुरू कधी होणार?" तो उठून रंगमंचावर गेला आणि रडायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मीही वाजवल्या. मला वाटतं, त्या दिवसापासूनच माझ्या डोक्याचा जो गोंधळ उडाला तो अजून बसलेला नाही.

नवव्या दिवशी पाहुणे गेले. दहावा दिवस घरं साफ करायचा असतो, अकराव्या दिवशी आम्ही परततो, आणि बाराव्या दिवशी, सोमवारी, शाळा भरते. दहाव्या दिवशी सकाळी सुतारमामा खोकं घेऊन दुकानात आले. खोक्यात सहा कुलपं, दारातून काढलेली, प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. पिवळा एक, पिवळा दोन, असं सहापर्यंत.

"मालकांनी सांगितलंय, आतल्या पट्ट्या बदलून नव्या चाव्या करायच्या. जुन्या चाव्या चालता कामा नयेत," सुतारमामा म्हणाले. "हा ॲडव्हान्स."

"कुठली घरं आहेत ही?"

सुतारमामांनी छताकडे पाहिलं. "मी काय, बाबा. माझ्या पोराने काढून आणली. मला खोकं दिलं, मी आणलं." आणि चहासुद्धा न घेता ते गेले. सुतारमामा चहा नाकारतात हे गावात कुणाला सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण माझी ट्यूब पेटायची तर सोडा, मी उलट खूश झालो. महोत्सव संपल्यावर लगेच सहा कुलपांचं काम! आमची पद्धतच अशी आहे, दाराशी जाऊन कुलूप करायचं नाही. कुलूप दुकानात येतं, दुरुस्त होतं, सुतार ते परत बसवतो. वडिलांच्या काळापासून हेच. आम्ही गावातली सगळी कुलपं आतून ओळखतो आणि दार एकही ओळखत नाही.

वडील म्हणजे आमचे आप्पा त्या दिवशी दुकानात होते. वय झालं, हात थरथरतात, पण कुलूप उघडायला दिलं की हात स्थिर होतात. मी कोऱ्या चाव्या निवडत होतो, ते स्क्रू काढून कुलपं खोलून माझ्यापुढे ठेवत होते. एक झालं, दोन झालं, तीन झालं. चौथं त्यांनी खोललं आणि उजेडाला धरून उलटसुलट पाहू लागले.

"काय झालं, आप्पा? गंजलंय का?"

"नाही रे. काम चांगलं केलंय. कोणी केलंय बघत होतो." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, मीच केलंय हे."

"गावातली निम्मी कुलपं तुम्हीच केलीत."

"पण गजराच्या घड्याळाची स्प्रिंग कापून मी एकाच कुलपात घातली होती. पोरीने काडी कोंबली होती बघ, दोन वर्षांची असताना? रविवार होता, स्प्रिंग मिळेना. तुझी आई माझ्यावर चिडली, घड्याळ वाया घालवलं म्हणून." त्यांनी कुलूप माझ्यापुढे सरकवलं. "आपलं कुलूप इथे कसं आलं?"

मी पाहिलं. निळसर पातळ स्प्रिंग, कडेला आप्पांच्या कानशीच्या तीन खुणा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पिवळा चार. आणि चिठ्ठीवरचं अक्षर माझ्या लेकीचं होतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सगळ्या गावाची कुलपं मी बदलतो, आणि माझ्या घराचं कुलूप माझ्याकडूनच, माझ्याच दुकानात, ॲडव्हान्स देऊन बदलून घेतलं जात होतं. पडदे माझ्या बायकोने शिवले होते. चिठ्ठी लेकीने लिहिली होती. तिघांनाही पैसे मिळाले होते, तेही वेळेवर. कुणी आमची फसवणूक केली म्हणावं तर कुणी? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला निदान धोंडा तरी आपला लागतो. इथे धोंडा, पाय आणि मजुरी, सगळं कुणाकुणाचं होतं याचा हिशोबच लागेना.

"घरी उद्याच जायचं ना?" आप्पांनी विचारलं.

मी दुकान त्यांच्यावर सोडलं आणि तडक मालकांकडे गेलो. वाटेत मी बरंच काही ठरवलं होतं. त्यांच्या बापाचा उद्धार करायचा, ॲडव्हान्स तोंडावर फेकायचा, चार माणसं गोळा करायची. मालकांनी मला पाहिलं आणि उभेच राहिले.

"कळलं वाटतं," ते म्हणाले. "मी उद्या शाळेत येणारच होतो. आईशप्पथ."

"कुलूप आधी काढलंत, मालक. तोंडाने सांगायच्या आधी."

"त्या सुतारानं घाई केली." ते खाली बसले. "हे बघा, मी तरी काय करू? महोत्सवाच्या समितीने वर्षभराची हमी दिलीय. तुमच्या भाड्याच्या चौपट. धाकट्या भावाला वाटणी द्यायचीय मला, तो कोर्टात जातो म्हणतोय."

भावांकडे आता भांडण्यासारखं काहीतरी आलं होतं, एवढं माझ्या लक्षात आलं.

"आम्ही सोमवारी कुठे जायचं? शाळा भरतेय."

"तेच तर बोलायचं होतं. जायचं कशाला?" मालकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी हे खरंच आमच्या भल्याचं म्हणून योजलं होतं, यात मला आजही शंका नाही. "पाहुणे पुढच्या दोन खोल्यांत राहतील. मागचं स्वयंपाकघर आणि अडगळीची खोली तुमच्याकडे. भाडं नाही. उलट पगार! तुम्ही घराची देखभाल करायची, वहिनी साफसफाई आणि कपडे बघतील. आप्पा दाराशी बसतील, आल्यागेल्याला चावी देतील. त्यांनाही थोडं काहीतरी देऊ. सहा घरांत मी तुमचंच घर का निवडलं? कारण घर तुम्ही चांगलं ठेवलंय."

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मागच्या दाराला कुलूप नाहीये."

"लावा की. तुमच्याच हातात आहे."

परत येताना मला स्वतःचा इतका राग आला होता की चहावाल्याने पाहुण्यांचा दर लावला तरी मी काही बोललो नाही. माणसाला घरातून काढलं तर त्याने काय करायचं हे मला माहीत आहे. माणसाला घरातून काढून त्याच घरात ठेवलं, वर पगार दिला, तर त्याने काय करायचं?

शाळेत सहावी ब मध्ये आम्ही चौघं बाकांवर बसलो. बाक लहान मुलांचे, गुडघे हनुवटीला लागत होते. लेक रडत होती. "मी नंबर टाइप केले, बाबा. नुसते नंबर. आपलं निळ्यातून काढून पिवळ्यात कधी टाकलं मला दिसलंच नाही. काल संध्याकाळी मालकांनी चिठ्ठ्या मागितल्या, मी लिहून दिल्या."

"तू कशाला रडतेस? मी पडदे शिवले," बायको म्हणाली. "एका खिडकीचं माप अर्धं बोट जास्त होतं. आपल्याच खिडकीची चौकट तिरकी आहे. मला वाटलं, आणखी कोणाची तरी असेल." मग ती माझ्यावर उलटली. "तुम्ही काय बोललात मालकांना?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"विचार करायला आहे काय? नाही म्हणून जायचं कुठे? हो म्हणा."

"आपल्याच घरात नोकर म्हणून?"

"आपलं होतं कधी? बावीस वर्षं भाडं दिलं. आता ते पैसे देणार. मग तोटा कुठे झाला ते सांगा मला." ती एवढं बोलली आणि तिचाच आवाज फाटला. "सांगा ना. मलाही कळत नाहीये. पण काहीतरी गेलंय हो, आणि काय गेलं ते मला दाखवता येत नाहीये."

आप्पा तेवढा वेळ भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता वाचत होते. ते म्हणाले, "सकाळी कुलूप पुरं कर. घेतलेलं काम अर्धं ठेवू नये."

रविवारी सकाळी मी पिवळा चार पुढ्यात घेऊन बसलो. पाच कुलपं तासाभरात झाली. सहावं, म्हणजे हे, दुपार झाली तरी होईना. एक युक्ती मला येते. पट्टीला दोन खाचा पाडल्या की नवी चावी चालते आणि जुनीही चालते, बाहेरून कुणाला कळत नाही. मी त्या खाचा पाडल्या. जुनी चावी घालून फिरवली, फिरली. नवी घातली, तीही फिरली. मला इतका आनंद झाला की मी दुकानात एकटाच हसलो.

मग मला प्रश्न पडला, ही जुनी चावी घेऊन मी करणार काय? पाहुणे बाहेर गेले की पुढच्या खोलीत जाऊन बसणार? किती वेळ? आणि कुणी विचारलं तर काय सांगणार, मी कोण? उद्या खोलीतून एखादी वस्तू गेली तर पहिलं नाव माझंच. आणि आप्पांनी मला हा धंदा शिकवला तेव्हा पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती, एका कुलपाला दोन धनी करायचे नाहीत. मी त्या पट्ट्या काढून टाकल्या आणि नव्या घातल्या. नवी स्प्रिंगही घातली. काम चोख झालं. वाईट काम करता येत नाही हा माझा एक मोठा दोष आहे.

सोमवारी शाळा भरायच्या आत आम्ही मागच्या दाराने घरात गेलो.

याला आता आठ महिने झाले. कुणी म्हणेल, हाल झाले असतील. तसं नाही, आणि हीच तर पंचाईत आहे. दुकान टिकलं. बायकोने धुण्याचं मशीन घेतलं. आप्पा तर खुशीत आहेत, दाराशी खुर्ची टाकून बसतात, नाटक शिकायला आलेली पोरं त्यांच्याशी तासन्‌तास बोलतात. एकाने त्यांच्या चालण्याची नक्कल करून म्हणे बक्षीस मिळवलं. पोरं सभ्य आहेत, आवाज करत नाहीत. मीच त्यांच्यावर उगाच चिडतो. परवा एकाने पुढच्या खोलीच्या भिंतीत खिळा ठोकला तर माझ्या छातीत ठोकल्यासारखं झालं, आणि मग मी स्वतःच त्याला सांगितलं की जरा वर ठोक, तिथे वीट घट्ट आहे.

गेल्या आठवड्यात दुपारी लेक ऑफिसातून कागद घेऊन आली. समिती अहवाल करत होती, महोत्सवाने गावाचा किती फायदा झाला याचा. घरोघरी फॉर्म भरून घ्यायचे होते. आम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी बसलो. ती विचारत गेली, मी सांगत गेलो, ती लिहीत गेली.

"घरातली कमावती माणसं, महोत्सवाआधी?"

"एक. तुझ्या आईचं ते वरखर्चाचं, ते धरायचं का?"

"नियमित असेल तर."

"मग एक."

"आता?"

मी बोटं मोजली. मी, ती, तिची आई, आप्पा. "चार."

"उत्पन्न वाढलं, कमी झालं, की तेवढंच?"

"वाढलं."

"घरभाड्यावरचा खर्च वाढला की कमी झाला?"

"कमी झाला. शून्य झाला."

ती लिहिता लिहिता थांबली, पुन्हा लिहू लागली. "महोत्सवामुळे घर सोडावं लागलं का? होय किंवा नाही." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "बाबा, इथे खाली सूचना आहे. जुना पत्ता आणि आत्ताचा पत्ता लिहायचा. दोन्ही एकच असतील तर 'नाही'वर खूण करायची."

"मग कर."

"करू?"

"पत्ता एकच आहे ना?"

"एकच आहे." तिने दोन्हीकडे तोच पत्ता लिहिला. सुवाच्य अक्षर आहे पोरीचं. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "तुम्ही वाचा एकदा. काही खोटं लिहिलं असेल तर सांगा, मी खोडते."

मी वाचलं. एकेक रकाना बोट ठेवून वाचलं. कुठेही काही खोटं नव्हतं. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि मला रडू यायला लागलं, पण कोणत्या ओळीवर, तेही मला तिला सांगता येईना. मी सही केली.

तेवढ्यात आप्पा बाहेरून ओरडले, "अरे, पुढच्या खोलीतल्या मुलीची चावी अडकतेय. बघ जरा, तुझंच कुलूप आहे."

मी तेलाची कुपी घेतली आणि मधल्या दाराशी गेलो. याच दारातून मी बावीस वर्षं लुंगीवर, झोपेत, जेवणाचं ताट घेऊन, लेकीला खांद्यावर टाकून ये-जा केली होती. मी उभा राहिलो, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि दारावर हळूच टकटक केली.

आतून ती मुलगी अगदी मोकळेपणाने म्हणाली, "या ना काका. विचारायचं काय त्यात? आपलंच घर समजा."